मातीनं न खाल्लेलं कापड

१

चौथ्या खड्ड्यातून निघालेलं कापडही अख्खंच होतं. ते पाहून ताईंच्या हातातलं खुरपं गळून पडलं.

हातरुमालाएवढे सहा पांढरे चौकोन दोन महिन्यांपूर्वी जमिनीत पुरले होते. चार ताईंच्या शेतात, दोन बांधापलीकडे त्यांच्या धाकट्या भावाच्या शेतात. परीक्षा साधी होती. सुती कापड म्हणजे मातीतल्या जिवाणूंची मेजवानी. माती जिवंत असेल तर दोन महिन्यांत ती कापडाचा फडशा पाडते. मेलेली असेल तर कापड जसंच्या तसं वर येतं. ताईंनी चार वर्षांत शेतात रासायनिक खताचा दाणा पडू दिला नव्हता. पालापाचोळ्याचं आच्छादन, कंपोस्ट आणि पिंपात वाढवलेलं जिवाणूंचं द्रावण, एवढ्यावर त्यांचं पीक उभं होतं. धाकटा पोत्यातलं खत आणि बाटलीतलं औषध वापरायचा. तेव्हा निकाल काय लागणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

निकाल उलटा लागला. धाकट्याचे दोन्ही चौकोन चाळणीसारखे झाले होते, आणि ताईंचे चारही धुऊन इस्त्री केले तर खिशात ठेवता येतील असे.

"याचा अर्थ एकच," खत-औषधांचा दुकानदार मोबाइलवर फोटो काढत म्हणाला. "तोंडानं जिवाणूंचं गुणगान आणि पाठीमागे विषाची फवारणी. नाहीतर चार एकर माती अशी मरते कशी?"

ताईंकडून शिकून सेंद्रिय शेती करणाऱ्या बावीस जणी तिथे उभ्या होत्या. एक एक करून त्या निघून गेल्या.

मी हे पाहिलं नाही, मला नंतर कळलं. सेंद्रिय शेतीचे दाखले देणाऱ्या कार्यालयात मी कारकून आहे. दुकानदाराची दोन पानी तक्रार आणि तो फोटो गुरुवारी सकाळी माझ्या टेबलावर आला. शुक्रवारी अकरा वाजता बैठक होती, आणि ताईंचा दाखला रद्द करण्याचा विषय आधीच कुणीतरी यादीत घातला होता. दाखला गेला तर त्या बावीस जणीही पुन्हा पोत्यांकडे वळणार, हे उघड होतं.

मी फोटो घेऊन माती तपासणाऱ्या आमच्या बाईंकडे गेलो. बाईंनी तो पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो नाकापाशी धरून पुन्हा पाहिला.

"गाडी काढायला सांगा," त्या म्हणाल्या. "आणि घट्ट झाकणाच्या तीन बरण्या घ्या. शिवाय चुन्याची निवळी."

"आपण चोर पकडायला चाललोय की लोणचं घालायला?"

"खुनाच्या तपासाला," बाई म्हणाल्या. "फक्त आधी मेलेल्याची नाडी बघायची आहे."

२

घरात चार माणसं होती. ताई, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि म्हातारे वडील, ज्यांना सगळे अप्पा म्हणत. आई कधीच गेली होती.

अप्पा ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी नमस्कार केला तर त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून चोळली.

"सुती म्हणून घेतलात?"

"हो."

"फसवलं तुम्हाला. यात सूत नावालाच आहे." ते हसले, पण लगेच त्यांनी मान खाली घातली. तीस वर्षं कापड गिरणीत माल तपासायचं काम केलं होतं त्यांनी, असं धाकट्यानं सांगितलं. डोळे मिटून कापड ओळखायचे म्हणे.

बाई तोवर शेतात पोचल्या होत्या. त्यांनी ताईंच्या शेतातली मूठभर माती उचलली, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. ताई त्यांच्याकडे बघत होत्या. या बाईंनी दहा वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलेलं. "तिथे जंतू मारत होते, इथे पाळते," असं त्या स्वतःच म्हणायच्या.

"वास तर जिवंत मातीचा आहे," बाई म्हणाल्या. "पण माझं नाक बैठकीत पुरावा म्हणून चालणार नाही. तुम्ही फवारलंत काही?"

"नाही."

"मग कुणी फवारलं असेल?"

ताईंनी बांधापलीकडे पाहिलं आणि नजर वळवली. "मी कुणाचं नाव घेणार नाही."

बाईंनी तिन्ही बरण्या ओसरीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडल्या. पहिल्या बरणीत तव्यावर खरपूस भाजलेली माती, म्हणजे जिच्यातला जीव आपणच घालवला आहे अशी. दुसरीत धाकट्याच्या शेतातली, तिसरीत ताईंच्या. तिन्ही सारख्या वजनाच्या, सारख्या ओलीच्या. प्रत्येक बरणीत मातीवर एक छोटी वाटी ठेवून तिच्यात चुन्याची नितळ निवळी ओतली आणि झाकणं गच्च लावली.

"आपण श्वास सोडतो तसा मातीतले जिवाणूही सोडतात," त्यांनी मला समजावलं. "तो श्वास निवळीला लागला की ती दुधासारखी पांढरी होते. माती मेलेली असेल तर पाणी नितळ राहील. संध्याकाळपर्यंत थांबू."

संध्याकाळ व्हायला सहा तास होते. मला दम निघेना. मी दर दहा मिनिटांनी बरण्यांपाशी जाऊन डोकावत होतो, आणि बाई मला दर वेळी हाकलत होत्या.

३

मधल्या वेळात बाईंनी एकेकाला गाठलं.

दुकानदार स्वतःहूनच आला होता. त्याचं दुकान पूर्वी भरलेलं असायचं. ताईंच्या नादाला लागून बावीस घरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

"मला आनंद झाला, हे खोटं सांगणार नाही," तो म्हणाला. "पण विष मी नाही टाकलं. उलट विचारा धाकट्याला. महिन्यापूर्वी त्यानं माझ्याकडून तणनाशकाचा डबा नेला. त्याआधी कधी नेला नव्हता."

धाकट्याला विचारलं तर त्याचा चेहरा पडला.

"नेला. बांधावरचं गवत मारायला."

"बांध कुणाचा?"

"मधला. दोघांचा."

"ताईंना विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती." त्यानं मान वर केली. "बाई, मी तिच्या शेतात एक थेंब टाकला नाही. भांडतो मी तिच्याशी, रोज भांडतो. पण ती जिंकणार हे मला ठाऊक होतं. माझ्या जमिनीत नांगर घालताना ढेकळं निघतात, तिच्यात हात घातला तर कोपरापर्यंत जातो. डोळे आहेत मला."

"मग ती पद्धत तुम्ही का घेतली नाही?"

तो म्हणाला, "तिच्या हाताखाली किती दिवस राहू?"

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी हळूच म्हटलं, "हाच आहे. डबा आहे, कारण आहे, बांध आहे."

"बरण्या बघा," बाई म्हणाल्या. चार वाजले होते.

मी बघितलं. पहिल्या बरणीतली निवळी काचेसारखी नितळ होती. दुसरीत धुकं आल्यासारखी किंचित गढूळ. आणि तिसरीत, ताईंच्या मातीवरच्या वाटीत, पांढरंफेक झालेलं पाणी, वर साय धरावी तसा पापुद्रा. मी ओरडलोच असेन, कारण घरातली सगळी माणसं धावत बाहेर आली.

ताईंनी बरणी उचलून उजेडात धरली.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

"नुसती जिवंत नाही, धापा टाकतेय," बाई म्हणाल्या. "कुणी विष टाकलेलं नाही. इथे खून झालेलाच नाही."

"मग कापड?" दुकानदारानं विचारलं. "पोट एवढं चांगलं, तर कापड का खाल्लं नाही?"



४

सहाही चौकोन उकरले त्या दिवशीच सगळ्यांसमोर एका डब्यात बंद करून त्यावर सह्या घेतल्या होत्या. डब्याला तेव्हापासून कुणाचा हात लागला नव्हता. बाईंनी सह्या तपासून तो उघडला आणि कापडं पांढऱ्या कागदावर पसरली.

"यांच्यावर आकडे होते ना? एक ते सहा?"

"मी शिवले होते," भावजय पुढे झाली. आतापर्यंत ती दाराआड उभी होती. "लाल दोऱ्यानं, कोपऱ्यात. एक ते चार ताईंचे, पाच-सहा आमचे, हे घरात आधीच ठरलं होतं. पण मातीत रंग गेला असेल."

"रंग गेला असता तर पांढरा दोरा उरला असता," बाई म्हणाल्या. "दोरा कुठाय?"

आम्ही सगळे वाकलो. ताईंच्या चारही चौकोनांच्या कोपऱ्यात सुईची भोकं होती. बारीक, मातीनं भरलेली, ओळीनं लागलेली. त्या भोकांतून आकडासुद्धा वाचता येत होता. पण दोऱ्याचा एक तंतू उरलेला नव्हता.

"दोरा कसला होता?"

"सुती. घरात रीळ आहे अजून."

बाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज एरवी सपाट असतो, पण आता तो चढला होता. "म्हणजे या मातीनं सुती दोरा खाल्ला. शेवटच्या तंतूपर्यंत खाल्ला. आणि त्याच जागी, त्याच दिवसांत, कापडाला तोंड लावलं नाही. असं कसं होईल?"

ताईंनी ते माझ्याआधी ओळखलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि काड्यापेटी घेऊन आल्या.

बाईंनी आधी धाकट्याच्या चौकोनाचा एक तंतू पेटवला. तो कागदासारखा भुरकन जळला आणि राख हवेत उडाली. मग ताईंच्या चौकोनाची कडेची एक पट्टी कापून चिमट्यात धरली. काडी लागताच ती आक्रसली, काळी पडली, आणि टोकाला वितळलेला कडक मणी तयार झाला.

"प्लास्टिकचा धागा," ताई म्हणाल्या. "सुतासारखा विणलेला. याला कुठलीही माती खाणार नाही."

"आदल्या रात्री कुणीतरी उकरून बदललं असेल," मी म्हणालो.

"तसं असतं तर दोरा जागेवर असता. दोरा खायला मातीला आठवडे लागले असतील." बाईंनी वही मिटली. "गेल्या महिन्यात कोण कुठे होतं, कुणी डबा नेला, कुणी बांधावर फवारलं, यातल्या कशाचाही इथे संबंध नाही. मधेच कुणी उकरलं असतं तर आच्छादन विस्कटलेलं ताईंना दिसलं असतं. म्हणजे हे कापड पहिल्या दिवसापासून जमिनीत आहे. चौकोन बदलले गेले ते पुरण्याच्या आधी."

सगळ्यांची नजर एकाच दिशेला गेली. चौकोन कापले कुणी, शिवले कुणी?

भावजयीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

५

तिच्यावर कुणी बोट ठेवण्याआधीच ती पुढे आली आणि कापडावर वाकली. बराच वेळ तिनं ती भोकं पाहिली.

"हे माझे टाके नाहीत," ती म्हणाली.

"असं तू म्हणणारच," दुकानदार पुटपुटला.

"थांबा. हे बघा." तिनं धाकट्याच्या चौकोनावर बोट ठेवलं. चाळण झालेल्या कापडाचा एक कोपरा तेवढा शाबूत होता. "हा माझा सहा. मला घाई असते, माझे टाके लहान-मोठे पडतात. आणि ही भोकं. पट्टीनं मोजून घातल्यासारखी. एका रेषेत. प्रत्येक आकडा सुरू होतो तिथे दोन भोकं जवळजवळ आहेत, म्हणजे पहिला टाका दुहेरी. मी कधीच असा घालत नाही."

बाईंनी भिंग काढून खात्री केली. ती खरं बोलत होती.

"आकडे शिवून झाल्यावर चौकोन कुठे ठेवले होते?"

"मधल्या खोलीत, टेबलावर. संध्याकाळी ठेवले. सकाळी उचलून शेतात नेले."

दुकानदार त्या दिवशी घरात आलाच नव्हता, थेट शेतात आला होता. धाकटा आदल्या दुपारपासून खड्डे खणत होता आणि त्याला सुईत दोरा ओवता येत नाही, हे सांगताना त्याच्या बायकोला त्याही अवस्थेत हसू आलं. ताई आपलंच नाक कशाला कापून घेतील? मी बोटांवर मोजत गेलो आणि बोटं संपली.

डोकं गरम झालं म्हणून मी मागच्या अंगणात तोंड धुवायला गेलो. दोरीवर एक पंचा वाळत होता. तोंड पुसायला मी त्याचं टोक धरलं आणि तसाच थबकलो. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं ४१ असा आकडा शिवलेला होता. टाके मोजून घातल्यासारखे. एका रेषेत. आणि चारच्या सुरुवातीला, एकच्याही सुरुवातीला, पहिला टाका दुहेरी.

मी पंचा दोरीवरून ओढला आणि धावत सुटलो.

बाईंनी तो चौथ्या चौकोनाशेजारी ठेवला, मग पहिल्या चौकोनाशेजारी. भोकांवर टाके तंतोतंत बसत होते.

"हा पंचा कुणाचा?"

"एक्केचाळीस हा अप्पांचा गिरणीतला हजेरीचा नंबर," धाकटा म्हणाला. आणि प्रयोगशाळेत काम केलेल्या बाईंच्या डोळ्यांनाही सुती वाटेल असं खोटं कापड निवडून आणणारा माणूस त्या घरात एकच होता.

ओसरीवर अप्पा खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होते.

६

"अप्पा, का?" ताईंनी एवढंच विचारलं.

अप्पांनी धाकट्याकडे बोट केलं. "यानं दूरच्या शहरात नोकरीसाठी अर्ज केला होता. मला फोनवर बोलताना ऐकू आलं. म्हणत होता, शेत सगळं ताईच्या पद्धतीनं गेलं की मी मोकळा. म्हणून म्हटलं, एकदा तरी हा जिंकू दे. जिंकला तर राहील."

"आणि मी?"

"तू कुठे जाणार नाहीस, हे मला माहीत होतं." अप्पांनी हात जोडले. "विषाचा आळ येईल, दाखला जाईल, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. त्या दिवसापासून रोज सांगायचं ठरवतोय. रोज तोंड उघडतो आणि मिटतो."

मला वाटलं ताई आता रडतील. पण त्या रडल्या नाहीत.

"जी कुठे जात नाही तिच्याशी कसंही वागलं तर चालतं, असं ना?" त्या शांतपणे म्हणाल्या. "माझी माफी मागू नका. उद्या अकराला बैठक आहे. त्या बावीस जणी येतील. त्यांच्यासमोर तुम्ही उभं राहायचं आणि सांगायचं. बाई नाही सांगणार, मी नाही सांगणार. तुम्ही."

अप्पांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयाच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. बाईंनी तिन्ही बरण्या टेबलावर मांडल्या, पण त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. अप्पा धाकट्याचा हात धरून आले आणि माइकपाशी पोचल्यावर तो हात सोडून उभे राहिले. कापड कुठून आणलं, आकडे कसे शिवले, मूळचे चार चौकोन चुलीत कसे घातले, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. शेवटी म्हणाले, "माती खरं बोलली. खोटं मी बोललो."

मग मागच्या रांगेतून त्या बावीस जणींतली एक उठली. सगळ्यांत आधी शेतातून निघून गेलेली तीच होती. ती थेट ताईंपाशी गेली.

"माझ्या पिंपातलं द्रावण आंबट वास मारतंय," ती म्हणाली. "येऊन बघाल का?"

"आज दुपारी येते," ताई म्हणाल्या.

दाखला कायम राहिला. दुकानदारानं फोटो काढून टाकू का म्हणून विचारलं. ताई म्हणाल्या, "राहू दे. त्याखाली खरं काय ते लिही." त्यानं लिहिलं. एवढंच नाही, तर आठवड्याभरात त्यानं दुकानात जिवाणूंच्या द्रावणाची पिंपं ठेवायला जागा केली. तो धंदेवाला माणूस आहे, त्याला वारा कळतो.

धाकटा मात्र गेला. ज्या भीतीपोटी अप्पांनी एवढं केलं, ते झालंच. निघायच्या आदल्या दिवशी बहीणभाऊ दिवसभर बांधावर बसून बोलत होते असं कळलं. काय बोलले ते कुणाला माहीत नाही, पण त्याला बसथांब्यावर सोडायला ताईच गेल्या होत्या. बायकोनं त्याच्याबरोबर जायला नकार दिला. तिथे घर मिळालं की बघू, म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या कार्यालयात एक अर्ज आला. धाकट्याच्या अर्ध्या शेतासाठी सेंद्रियचा दाखला मिळावा म्हणून. अर्जदार भावजय. मार्गदर्शक म्हणून ताईंची सही, साक्षीदार म्हणून अप्पांची.

मी अर्ज तपासला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. "परत पाठवावा लागेल. जमीन किमान तीन वर्षं रसायनमुक्त हवी, हा नियम आहे. आणि यांनी काय लिहिलंय बघा."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. 'जमीन किती काळापासून रसायनमुक्त आहे' या रकान्यात भावजयीनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: एकवीस दिवस. पुढचे मोजते आहे.

बाई हसल्या, शिक्का उचलला आणि तारखेसह अर्जावर मारला. दाखल.

"परत कशाला पाठवायचा?" त्या म्हणाल्या. "बरण्या घ्या. आजचा श्वास मोजून ठेवू. तीन वर्षांनी किती वाढला ते कळायला नको?"